लाज कोणाची?

वसमत तालुक्याच्या शिवारात हळद शिजू लागली म्हणजे त्या उग्र, मातकट वासाने सारी हवा भरून जाते, आणि त्या दिवसांत बाजाराला वा कचेरीला आलेला माणूस कोणते काम टाकून आला आहे हे त्याला विचारावे लागत नाही. त्याची बोटेच ते सांगतात. अशाच पिवळ्या बोटांचा एक शेतकरी काही वर्षांपूर्वी दिवेलागणीच्या सुमारास माझ्या ओसरीवर येऊन बसला. पाणी प्यायला, हळदीच्या भावाचे चार शब्द बोलला, आणि मग बराच वेळ गप्प राहून त्याने रुमालात गुंडाळलेला मोबाईल काढून माझ्यापुढे ठेवला. रुमालाची गाठ मात्र त्याने सोडली नाही. "गुरुजी," तो म्हणाला, "दाखवावं तर दाखवू वाटंना, अन् न दाखवता सांगावं तर सांगता येईना." दाखवू नका, नुसते सांगा, असे मी म्हटले. त्याने सांगितले ते थोडक्यात असे : नववीत शिकणाऱ्या त्याच्या मुलीने आपले एक छायाचित्र, जे तिने कोणालाच पाठवायला नको होते, वर्गातील एका मुलाला विश्वासाने पाठविले, त्या मुलाने ते एका मित्राला दिले, मित्राने ते मुलांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले, आणि तिसऱ्या दिवशी हापशावर पाणी भरायला गेलेल्या तिच्या आईला ते इतर बायांच्या तोंडून कळले. मुलीला एक नावही पडले होते. ते नाव त्याने उच्चारले नाही आणि मीही विचारले नाही. उठता उठता तो म्हणाला, "आमची अब्रू गेली, गुरुजी. लेकराला शाळेतून काढतो अन् येत्या लग्नसराईत उजवून टाकतो."

त्या रात्री मला झोप आली नाही. मुलीच्या बापाने जी हकिगत सांगितली तीत एकीने पाठविले होते, दोघांनी विश्वास मोडला होता आणि निदान तीसचाळीस जणांनी डोळे भरून पाहिले होते; असे असूनही लाज येऊन पडली होती ती एकाच घराच्या उंबऱ्यात. ज्याने ठेव फोडली त्याच्या घरी त्या संध्याकाळी नित्याप्रमाणे चूल पेटली असेल, भाकरी थापल्या गेल्या असतील, आणि 'आमची अब्रू गेली' हे वाक्य त्या घरात कोणाच्या मनातही आले नसेल. अल्पवयीन मुलामुलींमधील या प्रकारांचा विचार पोलिसांनी करावा, शाळांनी करावा, यंत्रे घडविणाऱ्यांनी करावा, हे सर्व मला मान्य आहे. परंतु या सर्वांच्या आधी एक प्रश्न उभा राहतो आणि तो निखळ धर्माचा प्रश्न आहे. एखाद्याला उघडे पाडले जाते तेव्हा लाज नेमकी कोणाची जाते?

'अब्रू' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'आब' म्हणजे पाणी आणि 'रू' म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी ती अब्रू. मोत्याचे पाणी जसे पारख्याच्या नजरेवाचून सिद्ध होत नाही, तसे हे चेहऱ्याचे पाणीही इतरांच्या दृष्टीत वसत असते. लोकच ते देतात आणि लोकच काढून घेतात. संस्कृतातील 'ह्री' हा शब्द अगदी वेगळ्या कुळातला आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगताना तो येतो, आणि त्याच एका श्लोकात 'अपैशुन' व 'अचापल' हे दोन गुणही त्याच्या सोबतीला बसविलेले आहेत, ही गोष्ट मला पूर्वीपासून लक्षणीय वाटत आली आहे. ह्री म्हणजे अंतःकरणातील ती लज्जा, जी अनुचित कृत्याकडे निघालेल्या माणसाचा हात आतूनच धरते. ती दुसऱ्याने दिलेली नसते, म्हणून दुसऱ्याला ती हिरावूनही घेता येत नाही. ती जाते ती केवळ स्वतःच्या कृतीने. या कसोटीने पाहिले तर त्या मुलीची अब्रू लोकांनी घेतली हे खरे, पण ह्री गमावली ती चित्र पुढे ढकलणाऱ्यांनी. ज्या चपलतेने बोट दाबले जाते आणि एका क्षणात एका मुलीचे आयुष्य पन्नास घरांत पोहोचते, ती चपलता 'अचापल' या साध्याशा दिसणाऱ्या गुणाच्या नेमकी विरुद्ध आहे. आणि गीताकारांनी त्या गुणाला अहिंसेच्या व सत्याच्या पंक्तीत का बसविले असावे, याचे मर्म मला हा प्रसंग घडेपर्यंत खरोखर उमगले नव्हते.

"पण तिने पाठविलेच का?" हा सवाल आमच्या भागात सर्वांत आधी विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याला आपण काही मोठा निवाडा दिला असे वाटते. तिने अविचार केला, हे मी नाकारीत नाही. पंधराव्या वर्षी प्रेम आणि विश्वास यांतील सीमारेषा कोणाला दिसते? परंतु जे तिने दिले ते एकाला दिले होते आणि ठेव म्हणून दिले होते. आपल्या धर्मशास्त्राने विवादांची जी अठरा पदे मोजली त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ दुसरे स्थान निक्षेपाला, म्हणजे ठेवीला दिले आहे, आणि ठेव गिळणाऱ्याला चोरासारखे शासन करावे असे मनुस्मृती सांगते. सावकाराने अमानत बुडविली तर आपण ठेवीदाराला गावाबाहेर काढीत नाही. मग ठेव जेव्हा एका मुलीच्या देहाची प्रतिमा असते, तेव्हाच आपला न्याय उलटा का फिरावा?

चित्र खरे आहे, बनावट नाही, मग ते दाखविण्यात असत्य कोठे आहे, असा युक्तिवाद मी एका सुशिक्षित गृहस्थाच्या तोंडून ऐकला आहे. त्याला उत्तर 'अपैशुन' या शब्दात आहे. पैशुन्य म्हणजे केवळ खोटी चहाडी नव्हे. दुसऱ्याचे खरे असलेले वर्म उघडे करण्यात मिळणारा जो आनंद, तेही पैशुन्यच. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये नेवाशास गीतेवर टीका सांगितली, तीत या एका शब्दाचा जो विस्तार केला आहे तो मी त्या आठवड्यात पुन्हा काढून वाचला आणि माझे मन थरारले. चिखलात रुतलेली गाय भाकड की दुभती हे न पाहता जसे तिला आधी बाहेर ओढावे, बुडणाऱ्याची जात न विचारता जसे त्याला आधी काढावे, तसे दुसऱ्याच्या दोषाकडे पाहावे, असे सांगत सांगत ते रानात दुष्टांनी विवस्त्र केलेल्या स्त्रीच्या दृष्टांतापाशी येतात. सज्जन माणूस तिला नेसविल्यावाचून तिच्याकडे दृष्टी टाकीत नाही. आधी झाकणे आणि मग पाहणे, हा तो क्रम. इतकेच नव्हे, कोणाच्या वर्मावर घाव घालू नये, आणि कोणाला त्याच्या दोषाचे नाव ठेवून हाक मारू नये, हेही त्याच ठिकाणी त्यांनी सांगून ठेविले आहे. नववीच्या वर्गात मुलीला पडलेले ते नाव आणि ते चित्र, या दोहोंचा विचार सातशे वर्षांपूर्वी झालेला होता. नवे आहे ते फक्त रान. ते आता प्रत्येकाच्या खिशात आले आहे, आणि त्यात शिरताना पायाला काटा टोचत नाही.

पाहणाऱ्याच्या पापाविषयी महाभारताचे मत याहूनही कठोर आहे. द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला आणि भीष्मद्रोणांसह सभेतील थोरांपैकी कोणीही त्याचा निवाडा देईना, तेव्हा विदुराने प्रल्हाद व सुधन्वा यांची कथा सांगून एक हिशेब मांडला. सभेत अधर्म घडत असता जे त्याची निंदा करीत नाहीत त्यांच्या माथी पापाचा चौथा हिस्सा येतो, चौथा हिस्सा प्रत्यक्ष कर्त्याच्या माथी, आणि उरलेले अर्धे पाप सभेचा जो श्रेष्ठ असेल त्याच्यावर. व्हॉट्सॲपचा गट ही सभाच आहे. तिला सभासद आहेत, तिला चालक आहे, आणि तीत बहुसंख्य लोक काहीही न लिहिता नुसते पाहत बसलेले असतात. 2019 च्या डिसेंबरात मुंबईतील एका शाळेने तेराचौदा वर्षांच्या आठ मुलांना निलंबित केल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. वर्गभगिनींविषयी त्यांनी आपल्या गटावर जे लिहिले ते वाचून पालक हादरून गेले होते. पुढच्याच मे महिन्यात दिल्लीत इन्स्टाग्रामवरील शाळकरी मुलांच्या एका गटाचे तसेच प्रकरण उघडकीस आले. दोन्ही ठिकाणी माझ्या मनात आले ते गप्प राहिलेल्या सभासदांविषयी. दुर्योधनाच्या सभेत निदान एक विकर्ण उठून उभा राहिला होता, आणि तो कौरवांपैकीच होता, वयानेही लहान होता. प्रत्येक वर्गाला आज एका विकर्णाची गरज आहे. 'हे काढून टाक' एवढे तीन शब्द लिहिण्याचे धैर्य असलेला एक मुलगा.

आपल्या न्यायसंस्थेनेही विदुराच्या हिशेबाच्या जवळपास जाणारी भूमिका घेतली आहे. बालकांचे असे साहित्य खाजगीत उतरवून घेणे वा पाहणे हा गुन्हा नव्हे, असे मद्रास उच्च न्यायालयाने म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 रोजी तो निर्णय रद्द केला. असे साहित्य जवळ ठेवणे, ते नष्ट न करणे वा त्याची वर्दी न देणे, हे पुढे देण्याच्या इराद्याने असेल तर 2012 च्या 'पोक्सो' कायद्याच्या पंधराव्या कलमाखाली शिक्षेस पात्र आहे, हे त्या निकालाने स्पष्ट केले. अशा साहित्याला करमणुकीचा वास असलेले जुने नाव न लावता ते बालकांच्या शोषणाचे साहित्य आहे असेच म्हणावे, हेही न्यायालयाने बजावले. नाव बदलल्याने काय होते, असे कोणी म्हणेल. पण पाहणारा स्वतःला प्रेक्षक समजतो की शोषणातील भागीदार, हे पुष्कळदा नावावरच ठरते.

एक आक्षेप मी अनेक वडीलधाऱ्या माणसांकडून ऐकतो आणि त्याचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. मुलांनी एकमेकांची थोडी टवाळी करावी, थोडी सोसावी, त्याने ती घट्ट होतात, असे ते म्हणतात. आणि दाखल्यादाखल ते आमच्याच जिल्ह्यातील नरसीच्या नामदेवांचे उदाहरण देतात. परंपरा अशी सांगते की तेरला संतांचा मेळा जमला असता मुक्ताबाईने गोरोबाकाकांना विचारले, यांतली मडकी कच्ची कोणती आणि पक्की कोणती. काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या मस्तकावर थापटून पाहिले. बाकीचे शांत राहिले, नामदेव तेवढे कळवळले, आणि भरल्या मेळ्यात ते कच्चे मडके ठरले. त्या अपमानाने व्याकूळ होऊन ते पंढरीला गेले, आणि विठ्ठलाने त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे धाडले. म्हणजे अपमानानेच गुरू भेटला, असा या मंडळींचा निष्कर्ष.

मला तो मान्य नाही. तेरला थापटणे ज्याच्या हाती होते तो जन्माचा कुंभार होता आणि वयाने, अधिकाराने सर्वांत वडील होता. त्याने जे केले ते तोंडासमोर केले, सर्वांच्या मस्तकी सारखेच केले, आणि ज्याला कच्चे ठरविले त्याच्यासाठी पुढची वाट मोकळी होती. मुख्य म्हणजे, कुंभार मडके कच्चे आहे हे ओळखतो ते आव्यात घालण्यासाठी, रस्त्यावर फेकण्यासाठी नव्हे. न भाजलेले मडके पावसात ठेवा. ते घट्ट होत नाही, त्याचा पुन्हा चिखल होतो. चौदापंधरा वर्षांचे मूल हे तसे मडके आहे, आणि मोबाईलवरची टवाळी हा न थांबणारा पाऊस आहे. पूर्वी शाळेतली चिडवाचिडवी शाळेच्या फाटकाशी संपत असे. घरी आईच्या चुलीपुढे बसल्यावर मूल तिच्यातून सुटत असे. आता ती मुलाबरोबर घरी येते, उशाशी निजते, आणि रात्री दोन वाजता अंधारात तिचा उजेड पडतो. सोसण्याने माणूस घडतो हे खरे असेल, परंतु सोसण्याला विसावा लागतो, आणि विसाव्याची जागाच आपण काढून घेतली आहे.

हे यंत्र मुलांच्या हाती आपणच दिले. 2020 च्या मार्चात शाळांना कुलूप लागले, 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी शासनाची हाक आली, आणि आमच्या हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत या पाचही तालुक्यांत ज्या बापांनी स्वतःसाठी कधी चांगला मोबाईल घेतला नव्हता त्यांनी सोयाबीनच्या पट्टीतून वा उसनवारीने तो लेकरांसाठी घेतला. त्या वेळी ते योग्यच होते. पण सायकल देताना आपण मागे धरून चार चकरा मारतो; येथे तसे कोणी मागे धरले नाही. मुलाच्या हाती दिलेल्या वस्तूत काय आहे हे बापाला ठाऊक नव्हते, शिक्षकाला अर्धवट ठाऊक होते, आणि जे ठाऊक होते ते बोलायला दोघांनाही संकोच वाटला. हा संकोच म्हणजे ह्री नव्हे. ह्री वाईट करण्यापासून परावृत्त करते. हा संकोच चांगले बोलण्यापासून परावृत्त करतो, आणि त्याने जी पोकळी राहते ती भरायला दुसरेच कोणी टपलेले असते.

त्या बापाला मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन भेटलो आणि जे सांगितले ते येथे लिहितो, कारण ते आणखी कोणाच्या उपयोगी पडेल. पुरावा म्हणून ते चित्र दुसऱ्या मोबाईलवर घेऊ नये आणि कोणालाही, मुख्याध्यापकांनासुद्धा, पाठवू नये. चौकशीच्या सद्हेतूनेही ते पुढे गेले तर मुलीची विटंबना आणखी एका पायरीने वाढते. कोणाचा क्रमांक, कोणता गट, कोणता दिवस, किती वाजता, हे कागदावर लिहावे आणि मोबाईल तसाच पोलिसांच्या हवाली करावा. 1098 हा मुलांसाठीचा क्रमांक रात्रंदिवस चालतो. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर अशा प्रकारांची तक्रार नाव न देताही नोंदविता येते. 'टेक इट डाउन' नावाची एक परदेशी सेवा 2023 पासून आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या चित्राचा अंकी ठसा ती त्यांच्याच यंत्रावर घेते, आणि त्या ठशावरून तीत सामील झालेल्या कंपन्या ते चित्र आपापल्या ठिकाणी शोधून काढतात. चित्र स्वतः कोठेच जात नाही, कोणाला ते दाखवावे लागत नाही. खाजगी गटांतील निरोपांवर तिचा इलाज चालत नाही हे खरे, तरी दाखविल्यावाचून झाकण्याची ही युक्ती मला फार मोलाची वाटली.

बाप पोलिसांचे नाव काढताच घाबरला. ठाण्यात जाणे म्हणजे उरलेली अब्रू वेशीला टांगणे, असे त्याला वाटत होते. मी त्याला कायद्याचा मजकूर वाचून दाखविला : मुलीचा जबाब तिच्या घरी वा तिला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने घ्यायचा, तो घेताना गणवेश अंगावर नसावा, मुलाला कोणत्याही कारणाने रात्री ठाण्यात ठेवायचे नाही, आणि वर्तमानपत्राने तिचे नाव, शाळा, घर, काहीही छापायचे नाही. हे सगळे नियम एका ओळीत वाचल्यावर माझ्या ध्यानात आले की पोक्सो कायदा हा मुळात वस्त्र पांघरण्याचा कायदा आहे. तो नेहमी तसाच पाळला जातो असे मी म्हणणार नाही. पण पाळला जात नसेल तर कलम दाखवून तो पाळायला लावता येतो, एवढे बळ त्याच्या कागदात आहे. आणि शाळेतून काढून लग्न लावण्याविषयी मी त्याला कठोरपणे बोललो. अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी मुलीचे लग्न लावणे हा 2006 च्या कायद्याने गुन्हा आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट ही की पापाच्या चार हिश्श्यांपैकी एकही हिस्सा जिच्याकडे येत नाही तिलाच आपण सर्वांच्या वतीने शिक्षा भोगायला लावतो.

ज्या दोन मुलांनी हे केले त्यांचेही काय करावे, हा प्रश्न मला सुटत नव्हता, आणि आजही तो पूर्ण सुटला आहे असे मी म्हणत नाही. तीही मुलेच होती. 2015 चा बालन्याय कायदा त्यांना गुन्हेगार म्हणत नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो. आरोप करणारे, डाग लावणारे शब्द त्यांच्याविषयी वापरू नयेत असे त्याचे तत्त्वच आहे. सदोष नावाने हाक मारू नये हे ज्ञानेश्वरांचे वचन येथे दुसऱ्या बाजूने लागू पडते, आणि ते एकाच बाजूने पाळायचे असे नसते. त्यांना केलेल्या कृत्याचे नाव स्पष्ट सांगितले पाहिजे, त्यांच्याकडून ते कबूल करवून घेतले पाहिजे, कायद्याने जे ठरेल ते त्यांनी सोसले पाहिजे. पण जन्मभराचे एक नाव चिकटवून त्यांना आव्याबाहेर फेकणे हेही पैशुन्यच होईल.

औंढ्याची गोष्ट आमच्याकडे लहान मूलही सांगते. नागनाथाच्या देवळापुढे नामदेव कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना हाकलून लावले, ते देवळाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि तेथेच नामस्मरण करू लागले. तेव्हा देऊळच फिरले आणि देव त्यांच्या सन्मुख झाला. देवळाच्या मागे असलेला नंदी दाखवून लोक आजही त्याची साक्ष देतात. दगडी देऊळ फिरले की नाही हा वाद मी करीत नाही. माझ्या मनात भरते ते एवढेच की ज्याला अपमान करून मागे लोटले त्याला देवाने पुढे बोलाविले नाही; देव स्वतः वळला. कौरवांची सभा वळली नाही, औंढ्याचे देऊळ वळले, आणि मधल्या जागेत आपण सारे, म्हणजे गाव, शाळा, भाऊबंद, उभे आहोत.

ती मुलगी अकरा दिवसांनी शाळेत गेली. पहिल्या दिवशी हजेरी घेताना तिच्या बाईंनी तिचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, सावकाश व मोठ्याने घेतले, आणि पुढे वर्षभर रोज तसेच घेत राहिल्या. ती दहावी झाली. मुलांनी तिला ठेवलेले ते नाव काय होते, हे मला अजून माहीत नाही.